प्रकरण सतरावे : वचनशुद्धी

महाराज सलग दोन दिवस आहार न घेताच देवळात परत गेले, तेव्हापासून गल्लीतल्या एकाही बाईचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

मुनी आहाराला निघताना मनाशी एक विधी धरतात. अमुक एक दृश्य दारात दिसलं तरच थांबायचं, नाहीतर अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. काय धरलंय ते कुणाला सांगत नाहीत. मग गल्लीनं आपापल्या दारात कलश घेऊन उभं राहायचं आणि अंदाज बांधत बसायचं. परवा समोरच्या यशोदाबाईनं नारळ धरला होता. काल तिनं दोन्ही सुनांना पिवळ्या लुगड्यात उभं केलं, तरी महाराज पुढं निघून गेले. आज तिच्या पायरीवर उसाचं कांडकं, लिंबू, केळीचा घड आणि एक भलामोठा पेरू ओळीनं मांडलेला होता.

"आहार द्यालीस का दुकान घातलंस गं यशोदे?" पद्माक्कानं आपल्या दारातून विचारलं.

"हसा वो आक्का, हसा. ह्यातलं एक तरी लागंल की."

पद्माक्का हसली खरी, पण ते हसू उंबऱ्याच्या आत आलं नाही. आत थोरला मुलगा शांतिनाथ उभा होता.

आहारासाठीचा सोवळा चौका तयार होता. स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूची पांढरी रेष ओढली होती. तिच्या आत फक्त आंघोळ करून सोवळ्याचं नेसलेल्यांनी यायचं. विहिरीचं पाणी गाळून, उकळून ठेवलं होतं. घरात वळलेल्या शेवयांची खीर चुलीवर होती, मुगाची आमटी उतरवलेली होती. शांतिनाथ पांढरं धोतर-दुपट्टा नेसून रेषेच्या आत, आणि त्याची बायको त्रिशला पोळ्यांवर ताट झाकत त्याच्या मागं. धाकटा सन्मती रेषेबाहेर खुर्चीवर बसला होता. बेळगावच्या कॉलेजात तो इतिहास शिकवतो. सकाळच्या गाडीनं तो आला होता आणि आल्यापासून त्यानं हातातल्या घड्याळाशिवाय कुणाकडं बघितलं नव्हतं.

"आई, मी एकदाच सांगतो," शांतिनाथ म्हणाला. "ऋतिकाला उभं ऱ्हायचं आसंल तर ऱ्हाऊ दे. घरची पोर हाय. पण ती दुसरी रेषेच्या आत यायची न्हाय. आली, तर मी आन् त्रिशला भाईर."

"दुसरी म्हंजी कोण? नाव न्हाय तिला?"

"नाव घ्यावंसं वाटत न्हाय."

"तीन वर्सं माझा गुडघा चोळून घेताना नाव चालत हुतं की रं तिचं."

पद्माक्काचं हे असंच. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दुसरीतून शाळा सोडलेली, पण बोलायला लागली की वकील बरा.

खरं म्हणजे निशा या घरात कुणाला नको नव्हती. सदलग्याची पोर, बेळगावात हाडं-सांध्यांच्या व्यायामाचा दवाखाना चालवते. तीन वर्षांपूर्वी ऋतिकाची मैत्रीण म्हणून आली आणि पद्माक्काचा गुडघा तिनं हातात घेतला. जात आपली, देव आपला, सूर्य मावळल्यावर तोंडात घास न घालणारी. मन भरून आलं की कानडीत बोलायची, तेसुद्धा सगळ्यांना आवडायचं. गेल्या दिवाळीत तर त्रिशलानंच सासूच्या कानाशी लागून विचारलं होतं, "अत्ती, आमच्या श्रेयससाठी हिलाच मागूया काय?"

आणि गेल्या रविवारी ऋतिकानं बापाला, सन्मतीला, सांगून टाकलं. माझ्यासाठी स्थळं बघू नका. मी निशाबरोबर राहते ती खोलीचं भाडं वाटून घ्यायला नाही. तुम्ही ज्याला संसार म्हणता तेच आहे हे. बापानं थोरल्या भावाला फोन केला, थोरल्यानं बायकोला सांगितलं, आणि मंगळवारपर्यंत म्हातारीला सोडून सगळ्यांना ठाऊक झालं. निदान त्यांची तशी समजूत होती. म्हातारीनं गुरुवारी सन्मतीला फोन लावून एवढंच म्हटलं, "शनवारी चौक्याला ये. पोरीला सांग, निशाला घिऊन ये." आणि ठेवून दिला.

का बोलावलं, ते पद्माक्काला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. राग होता. आई गेल्यावर सहा वर्षांच्या ऋतिकाला तिनं मांडीवर वाढवलं होतं, तिच्या लग्नात नेसायचं लुगडंसुद्धा पेटीत बाजूला काढून ठेवलं होतं. काल संध्याकाळी दोघी आल्या तेव्हा ती पोरीशी एक शब्द बोलली नाही. फक्त जेवायला वाढलं, दिवस बुडायच्या आत, आणि दोघींच्या ताटात तूप सारखंच सोडलं.

"श्रेयसच्या हुणाऱ्या सासरचे सांगलीस्नं येणार हैत पंचमीला," त्रिशला आतून म्हणाली. तिचा आवाज भांडणाचा नव्हता, घाबरलेला होता. "त्यांच्या कानावर गेलं तर? दारात सगळ्या गल्लीसमोर दोघी कलश धरून उभ्या, नवरा-बायको उभं ऱ्हात्यात तशा? आम्ही काय सांगायचं अत्ती?"

पद्माक्कानं सुनेकडं बघितलं. सांगली. तेच गाव, तीच भीती, शब्दसुद्धा तेच. हे तिनं आधी ऐकलेलं होतं. ऐकलेलं नव्हे, बोललेलं होतं.

मागच्या दारानं ऋतिका आत आली. विहिरीवर आंघोळ करून, ओल्या केसांनी, सोवळ्याचं पांढरं लुगडं नेसून. तिच्या मागं तसंच नेसलेली निशा. निशा रेषेबाहेरच थांबली.

"काका, मी ऐकलं," ऋतिका म्हणाली. "वाद नको. निशा उभी राहणार नसेल तर मीही नाही. अकराची बेळगाव गाडी आहे, आम्ही जातो. पण काका, मग मी परत यायची नाही. पंचमीला नाही आणि दिवाळीलाही नाही. हे धमकी म्हणून नाही सांगत."

"ऋतू…" सन्मती पुटपुटला.

"पप्पा, तुम्ही आठवडाभर मला कायदा सांगताय. गुन्हा नाही असं कोर्टानं म्हटलंय, लग्नाला मात्र मान्यता नाही म्हटलंय. मला दोन्ही माहीत आहे. तुम्हाला काय वाटतं ते सांगा की एकदा."

सन्मतीनं पुन्हा घड्याळ बघितलं.

"वाटण्याचा प्रश्नच न्हाय!" शांतिनाथ उसळला. "हितं काय म्हणत्यात ठावं हाय न्हवं तुला? मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी. हे तोंडानं म्हणायचं, मग महाराज घास घेत्यात. बाकीचं सोड. वचनशुद्धी ह्या दोघी कोणत्या तोंडानं म्हणणार? तीन वर्सं मैत्रीण मैत्रीण म्हणून खोटं बोलत आल्या ह्या घरात."

निशाची मान खाली गेली. कारण ते खरं होतं.

पद्माक्का पाटावर बसली होती. समोर कलश होता. तिनं तो हातात घेतला आणि पोटाशी धरला.

काल संध्याकाळी हाच कलश निशा चिंच लावून घासत होती. घासता घासता तिनं उजेडात धरून विचारलं होतं, "आज्जी, हितं दोन नावं हुती काय? एक दिसतंय, अक्काताई. दुसरं कुणीतरी ठोकून सपाट केल्यासारखं हाय." पद्माक्का म्हणाली होती, "तांबटाची चूक. पुस ते, काय बघतीस." आणि सोळा तासांनी, सोवळ्याचं नेसून, त्याच तोंडानं ती वचनशुद्धी म्हणायला निघाली होती.

साठेक वर्षांपूर्वी हीच निपाणी वासावरून ओळखू यायची. कागलकडून येणाऱ्या माणसाला डोळे मिटूनही कळायचं, गाव आलं. तंबाखू. वखारींतून, छकड्यांतून, बायकांच्या केसांतून. सतरा वर्षांची पद्मावती लग्न होऊन आली तेव्हा पहिले आठ दिवस नुसती शिंकत होती. सासू म्हणाली, सर्दीची पोरगी दिली आमाला. सगळे हसले. दोघी तेवढ्या हसल्या नाहीत. एक नवऱ्याची थोरली बहीण अक्काताई, पंधराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतलेली. आणि दुसरी बाळाबाई. ती कोण? नातं काहीच नाही. सदलग्याची, वखारीत अक्काताईच्या शेजारी तंबाखू निवडणारी. एका पावसाळ्यात तिच्या खोपटाची भिंत पडली म्हणून चार दिवस राहायला आली आणि राहिली ती राहिलीच.

मागच्या खोलीत दोघी समोरासमोर बसायच्या, मध्ये एकच सूप. अक्काताई पानं कापायची, बाळाबाई विडी वळायची, दोरा बांधायची परत अक्काताई. बोलणं कमी. एकीचा हात थांबला की दुसरीला न बघता कळायचं. नव्या नवरीला त्यांनीच घरात रुळवलं. पाणी कसं गाळायचं ते अक्काताईनं शिकवलं. फडक्यावर राहिलेले बारीक जीव बुडाला कडी असलेल्या बादलीतून हळूच खाली सोडायचे, पार पाण्याला टेकेपर्यंत. "ज्या हिरीचं पाणी त्याच हिरीत सोड गं वयनी. दुसरीकडं सोडलास तर जगत न्हाईत ते." आणि बाळाबाई केसांतून फणी फिरवायची, फिरवता फिरवता आईच्या आठवणीनं रडू द्यायची, गप्प बस म्हणायची नाही.

एकदा तिघी एसटीनं बेळगावला गेल्या होत्या. खडेबाजारात बाळाबाईनं हा कलश पसंत केला. पैसे दोघींनी पदराच्या गाठी सोडून दिले. नाव घालणारा छिन्नी घेऊन म्हणाला, "मालकांचं नाव सांगा." अक्काताई म्हणाली, "मालक न्हाईत. घाल, अक्काताई बाळाबाई."

"बहिणी काय?"

"तू काय म्हणायचं ते म्हण बाबा," बाळाबाई म्हणाली. "अक्षार तेवढं चांगलं काढ."

परतीच्या गाडीत अक्काताईनं पद्मावतीचं बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवलं. शाळेत दुसरीत सुटलेलं वाचन तिथं पुन्हा धरलं. 'बाळाबाई' तिला पहिलं वाचता आलं. सोपं होतं, एक अक्षर दोनदा यायचं.

अकरा वर्षं नव्हे, अठरा वर्षं बाळाबाई त्या घरात होती. पद्माक्का मोजायची तेव्हा नेहमी कमी मोजायची. सासरे उघड म्हणायचे, ह्या दोघी हैत म्हणून घराला घरपण हाय. गावात कुणी त्याला नाव दिलं नव्हतं. आणि नाव नव्हतं म्हणून बोट ठेवायला जागाही नव्हती.

"वचनशुद्धीचं तू बोललास ते बरं झालं," पद्माक्का म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता, म्हणून सगळे तिच्याकडं वळले. "शांतू, तुला बाळामावशी आठवती?"

शांतिनाथ गोंधळला. "आता हे काय मधीच? आठवती की. चिरमुरे-गूळ द्यायची मला. तुझ्याशी भांडून गेली न्हवं ती?"

"भांडून न्हाय. मी घालवली."

चुलीवरची खीर खदखदली. त्रिशलानं पुढं होऊन भांडं उतरवलं आणि ते हातातच धरून उभी राहिली.

"तुझ्या काकाचं लग्न ठरत हुतं," पद्माक्का म्हणाली. "सांगलीचीच माणसं. मुलीची आई घर बघायला आली. मागच्या खोलीत डोकावली. एकच अंथरूण, एकच आरसा. तोंडाला पदर लावून माझ्याकडं बघून हसली. 'ह्या दोघी हितंच ऱ्हात्यात व्हय?' एवढंच बोलली. माझ्या अंगाची लाही झाली. घराचं नाक मी ना! मग अवसेला अक्काताई स्तवनिधीला दर्शनाला गेलती, तो दिवस मी धरला. बाळाबाईला सांगितलं, अक्काताईला तू नको झालीयास. तोंडावर सांगाय तिला हुईना, म्हणून मला सांगाय लावलंय."

"आज्जी," ऋतिका म्हणाली.

"थांब. ती एक शब्द बोलली न्हाय. सूप धुतलं, भिंतीला उभं केलं. एक ट्रंक उचलली. दुपारच्या सदलगा गाडीनं गेली. तू शाळेतनं आलास शांतू, तुझ्यासाठी गूळ काढून ठेवलता तिनं, तो मी तुला दिला. आन् सांजच्याला अक्काताई आली. तिला मी सांगितलं, गेली. तुझा कंटाळा आला म्हणून गेली."

बाहेर यशोदाबाई सुनेवर ओरडत होती, पेरू पुसून घे म्हणून.

"अक्काताईनं विचारलं काय काय?" निशानं रेषेबाहेरून हळूच विचारलं.

"काय न्हाय. तिथंच तर मारलं तिनं मला. एकदा तरी माझ्या झिंज्या धरून विचारायचं, खरं सांग म्हणून. मी सांगून टाकलं असतं. तिनं विचारलं न्हाय आन् मी सांगितलं न्हाय. पुढं एकोणीस वर्सं जगली. पानंबी तीच कापायची, वळायचीबी तीच. सदलग्याची गाडी वाजली की कात्री थांबायची तिची, तेवढंच. मी कलशावरचं नाव तांबटाकडं नेऊन ठोकून घेतलं, ते तिनं बघितलं. तरी हाच कलश घिऊन दारात उभी ऱ्हायली माझ्या शेजारी." पद्माक्कानं कलशावर हात फिरवला. "तुझे वडील असताना चारदा ह्या घरात आहार झाला. चारी येळेला मी म्हटलं, वचनशुद्धी. आता सांग, ह्या पोरींनी भिऊन मैत्रीण म्हटलं ते खोटं मोठं, का माझं?"

शांतिनाथ खाली बसला. सोवळ्यातला पांढराशुभ्र मोठा माणूस, पण बसला तो चौदा वर्षांच्या पोरासारखा, गुडघे पोटाशी घेऊन. "मी लई दिवस त्या गाडीला जाऊन बघितलं आई," तो म्हणाला. "येती काय म्हणून. मला वाटलं, माझ्यावर रुसून गेली."

"ठावं हाय मला. तुझ्या मागं मीच यायची, घरला ओढून न्यायला."

त्रिशलानं खीर खाली ठेवली. "तवाचं तवा झालं अत्ती. तुमची चूक झाली, खरं हाय. पण त्याचं आज आमी कशाला भरायचं? माझ्या पोराचं लग्न मोडलं तर कोण येणार हाय जोडायला?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "निशाबद्दल माझ्या मनात काय वाईट न्हाय. पण मला हे झेपत न्हाय. मी आत बसतो." आणि ती रेष ओलांडून मागच्या खोलीत गेली. दार मात्र तिनं लावलं नाही.

तेव्हा सन्मती उठला. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढलं, खिडकीत ठेवलं, शर्टाची बटणं सोडत मागच्या दारानं बाहेर गेला. विहिरीवर बादलीचा आवाज आला, मग अंगावर पाणी पडल्याचा. एक, दोन, तीन. श्रावणातल्या गार पाण्यानं तो हुहू करत होता. परत आला तो भावाचं जास्तीचं धोतर नेसून, केसांतून पाणी गळत. रेषेच्या आत येऊन मुलीच्या शेजारी उभा राहिला.

"मला भाषण येत नाही," तो म्हणाला.

"कॉलेजात मग करतोस काय रं?" पद्माक्का म्हणाली. ऋतिका रडता रडता हसली.

देवळाची घंटा वाजली. साडेनऊ. महाराज निघाले.

पद्माक्का पाटावरून उठली. गुडघा कुरकुरला, तशी सवयीनं निशा एक पाऊल पुढं आली आणि रेषेशी थबकली. पद्माक्कानं कलश तिच्याकडं धरला.

"घे."

"आज्जी, काका…"

"काका बसलाय. उठून अडवायचं आसंल तर अडवंल. घे म्हणतो न्हवं. ऋतू, तू हिच्या डाव्या अंगाला. नारळ तू धर. दोघींचे हात कलशाला लागू देत."

"तुम्ही?"

"मी मागं. माझ्या तोंडात आज तो शब्द येत न्हाय. तुमी म्हणा."

शांतिनाथनं अडवलं नाही. उठलाही नाही.

गल्ली एकदम शांत झाली. महाराज वळणावर दिसले. काटक शरीर, डाव्या हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, उजव्या हाताची पाचही बोटं जुळवून खांद्यावर टेकवलेली. चाल संथ, नजर चार हात पुढच्या जमिनीवर. दोन दिवसांच्या उपासाचं काही पावलांत दिसत नव्हतं. दोन्ही बाजूंच्या दारांतून आवाज उठला आणि त्यात या दाराचे दोन तरुण आवाजही मिसळले. आधी कापरे, मग मोकळे.

"हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु! अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ! मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध!"

पद्माक्का ओठ मिटून मागं उभी होती. तिच्या पुढं दोन ओल्या वेण्या. कधी डावीकडची मान हलली, कधी उजवीकडची, पण आवाज एकाच वेळी चढत आणि एकाच वेळी उतरत होता. न बघता. असं तिनं फक्त एका सुपाशी बसलेल्यांत पाहिलं होतं. महाराज थांबावेत, असं आयुष्यात तिला इतकं कधी वाटलं नव्हतं.

महाराज दारासमोर आले. नजर वर झाली. कलश, नारळ, चार हात, मागं म्हातारी. एक श्वास. मग नजर खाली गेली आणि पावलं पुढं पडली.

समोर यशोदाबाई पेरू धरून उभी होती. तिथं ते थांबले.

यशोदाबाईनं केवढा आनंद केला! प्रदक्षिणा घालताना ती दोनदा पदरात अडखळली. पेरूमुळं थांबले, का सुनेच्या हातातल्या दिव्यामुळं, का आणखी कशामुळं, कुणाला कधी कळलं नाही. गल्लीनं मात्र त्याच क्षणी पेरूवर शिक्का मारला.

निशा कलश तसाच धरून उभी होती. मागच्या खोलीच्या दारातून त्रिशला म्हणाली, "बघितलंसा न्हवं अत्ती? थांबले न्हाईत."

पद्माक्का गर्रकन वळली. "तेहतीस दिवस झाले चातुर्मास लागून. बत्तीस दिवस ह्या पोरी हुत्या काय दारात? मी हुतो, तू हुतीस, तुझा नवरा हुता. तवा कुणामुळं पुढं गेले? सांग की!"

पद्माक्काचा आवाज उतरला. "उपाशी माणसाला जेवण मिळालं, बास झालं. यशोदीच्या हातचं का असंना. उद्या परत उभं ऱ्हायचं. ह्याच दोघींनी. आन् उद्या मीबी म्हणणार."

"उद्या म्हणता येईल?" ऋतिकानं विचारलं.

पद्माक्का निशासमोर जाऊन उभी राहिली. तीन वर्षं एक प्रश्न तिच्या जिभेवर होता. ही पोर पहिल्यांदा आली, सदलग्याची म्हणाली, कुठली गल्ली तेही म्हणाली, तेव्हापासून. दर दुसऱ्या रविवारी गुडघ्याला तेल लागताना तो ओठांपर्यंत यायचा आणि ती म्हणायची, जरा जोर लाव गं.

"निशा, तुमच्या गल्लीत, चिंचेपाशी, एक बाळाबाई हुती. भावाच्या घरात. ती…"

निशाचे डोळे भरून आले. आणि भरून आले की तिला मराठी सुचायचं नाही.

"अदार, आज्जी," ती म्हणाली. "अदार. आहेत. डोळ्यांना दिसत नाही आता, पण आहेत. मी गेले की हात धरतात आणि विचारतात, निपाणीवरून आलीस काय?"

पद्माक्कानं भिंतीला हात लावला. कुणीतरी पाट पुढं सरकवला, तो तिनं पायानं परत ढकलला.

"ऋतू, पिशवी आण. खीर घाल डब्यात, तिला शेवया आवडायच्या. सदलग्यास्नं दिवस मावळायच्या आत परत यायचं हाय. निशा, कलश दे हिकडं."

शांतिनाथ उठला. खुंटीवरची गाडीची किल्ली त्यानं काढली. "मी सोडतो," तो म्हणाला, कुणाकडंच न बघता. "पण माझं मत काय बदललं न्हाय आई. आन् मी आत यायचा न्हाय. गाडीत बसतो."

"बस. ती भाईर येऊन कान धरंल तुझा."

त्रिशला दारातच उभी होती. तिनं डब्याचं झाकण शोधून दिलं.

गाडीत पद्माक्का मागं बसली, मध्ये, दोन्ही बाजूंना दोघी. कलश मांडीवर. निपाणी मागं पडली. पूर्वी इथपर्यंत तंबाखूचा वास यायचा, आता येत नाही. तिनं बोटानं ती सपाट जागा चाचपली. अक्षरं नव्हती, पण कुठं होती ते बोटाला ठाऊक होतं.

"ऋतू, खडेबाजारात अजून नावं घालत्यात काय गं भांड्यावर?"

"घालतात आज्जी. मशीननं."

"छिन्नीवाला बघ कुणी मिळतो काय." तिनं कलश जवळ ओढला. "आधी तिला विचारायचं म्हणा. ती व्हय म्हणाली तर."

आणि रस्ताभर तिचं बोट त्या चपट्या पितळेवर पहिल्यापासून गिरवत राहिलं, बा, ळा, बा, ई, जसं कुणीतरी हात धरून शिकवलं होतं तसं.